माझं गोंदान कुठं गेलं?

(साताऱ्यातल्या हौशी कॅमेरावाल्यांच्या मासिक बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आधीच सांगतो, मी या विषयातला अधिकारी माणूस नव्हे. पेठेत माझं औषधाचं दुकान आहे. रविवारी ते दुपारी बंद करतो आणि उरलेल्या अर्ध्या दिवसावर माझी सगळी फोटोग्राफी चालते. तेव्हा आज एका फसलेल्या फोटोची हकीकत सांगतो, बाकीचं ओघात येईल.

यवतेश्वरचा घाट चढून कासकडे निघालं की कडेला मक्याची कणसं भाजणाऱ्या बायका बसतात. त्यातल्या एका मावशींचा मी फोटो काढला. ढगाळ, मऊ उजेड होता, शेगडीचा धूर तिरका चाललेला, कपाळावर आणि हनुवटीवर जुनं हिरवट गोंदण. फोटो बरा आला होता. पण आपला हात स्वस्थ बसतो का? घरी येऊन तो 'सुधारला'. उजेड वाढवला, रंग वाढवले आणि चेहरा गुळगुळीत करायचं बटण असतं ना, तेही दाबलं. प्रिंट काढली आणि पुढच्या रविवारी नेऊन दिली. मावशींनी पदराला हात पुसले. प्रिंट आधी लांब धरली, मग जवळ. म्हणाल्या, "दादा, ह्ये कुनाचं त्वांड म्हनायचं?"

"तुमचंच की, मावशी."

"मग माझं गोंदान कुठं गेलं?"

खरंच नव्हतं. त्या बटणाला गोंदण कळत नाही. कातडीवर रंगाचा बारीक फरक दिसला की तो डाग धरायचा आणि शेजारच्या रंगात मिसळून टाकायचा, एवढंच त्याचं काम. मुरूम, तीळ, व्रण, गोंदण, त्याच्या लेखी सगळं एकच. लहानपणी जत्रेत रडत रडत टोचून घेतलेलं ते गोंदण. मी दोन सेकंदांत पुसलं, वर बाईंना दोन छटा गोरंही केलं.

म्हटलं, मूळ फोटो आणतो. घरी येऊन शोधतो तर मूळ फोटोच नाही! सुधारलेला फोटो त्याच फाइलवर सेव्ह केलेला. काही अ‍ॅप मूळ प्रत राखून ठेवतात, माझं ठेवत नव्हतं. रोलच्या जमान्यात प्रिंट कितीही बिघडली तरी निगेटिव्ह पाकिटात असायची. इथं मी निगेटिव्हवरच रंग फासला होता.

म्हणून सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, मूळ फाइलला हात लावायचा नाही. जेपेग, म्हणजे फोटोचा नेहमीचा फाइलप्रकार, तर दर वेळी सेव्ह करताना थोडी माहिती टाकून देतो, आकार लहान ठेवायची त्याची रीतच ती आहे. एकदा-दोनदा कळत नाही. दहा वेळा उघडून, बदलून सेव्ह करा आणि आभाळाकडे बघा, चौकोनी ठिगळं दिसायला लागतील. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. ती मूळ फाइल तशीच ठेवतात आणि आपण काय काय केलं त्याची नोंद वेगळ्या छोट्या फाइलीत लिहितात. मोबाईलवर असाल तर आधी प्रत काढा, मग काय करायचं ते करा.

आता रंगांबद्दल. इथं आपण सातारकर एका खास ठिकाणी मार खातो. सप्टेंबरात कासला सोनकीचे ताटवे पिवळेजर्द असतात. आपण फोटो काढतो, घरी येऊन बघतो तर पाकळ्यांवर रेघ नाही, घडी नाही, हळदीचा नुसता थापा. आपण म्हणतो फोकस चुकला. फोकस नीट असतो, लाल रंग मर्यादेपार गेलेला असतो. कॅमेरा प्रत्येक बिंदूसाठी लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे ठेवतो. जेपेगमध्ये प्रत्येक आकडा ० ते २५५. पिवळा म्हणजे लाल आणि हिरवा भरपूर, निळा जवळजवळ नाहीच. त्यात ढगाळ उजेडासाठी व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवायची सोय, 'क्लाउडी'वर ठेवला की कॅमेरा लाल आणखी चढवतो. लाल २५५ ला जाऊन टेकला की त्यापुढचा फरक त्याला लिहिताच येत नाही. पाकळीचा उजळ भाग आणि जास्त उजळ भाग, दोन्हीकडे २५५. तपशील तिथंच संपला, नंतर कितीही खटपट करा, जेपेगमधून तो परत येत नाही.

आणि गंमत अशी, की कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवरचा पांढरा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघून हे कळतही नाही. तो एकूण उजेडाचा असतो आणि त्यात हिरव्याचं वजन जास्त धरलेलं असतं. तीन रंगांचे वेगवेगळे हिस्टोग्राम दाखवायची सोय तुमच्या कॅमेऱ्यात असेल तर ती लावा आणि लालाची टेकडी उजव्या भिंतीला चिकटली का ते बघा. चिकटली असेल तर एक्सपोजर, म्हणजे आत येणारा उजेड, दोन-तृतीयांश स्टॉप खाली आणा; एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा. स्क्रीनवर फोटो अंधारा दिसेल, दिसू दे. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलीत, काढत असाल तर आणखी बरं, १४ बिटांच्या रॉमध्ये २५६ ऐवजी १६,३८४ पायऱ्या असतात, घरी उजेड वाढवायला जागा राहते. आणि सॅच्युरेशनची, म्हणजे रंगाच्या भडकपणाची, पट्टी पुढे सरकवायच्या आधी मागे ओढून बघा. पाकळीतल्या रेघा कधी कधी तिथं लपलेल्या असतात.

हिरव्याचं मला एवढं वाटत नाही. आपला पावसाळाच मुळात इतका हिरवा असतो की त्यात भर घालायची गरज नसते. तरी लोक घालतात. अजिंक्यतारा प्लॅस्टिकचा दिसतो.

फोटो पाठवण्याबद्दल थोडं. माझ्या दुकानाशेजारी फ्लेक्सवाला आहे. घरात कुणी गेलं की लोक त्याच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो घेऊन येतात, याचा मोठा करून द्या म्हणून. तो म्हणतो, "फोटो फाटतोय." नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेला फोटो लांबीला साधारण १६०० बिंदूंचा उरतो. सहा बाय चारच्या प्रिंटला तो चालून जातो. पण अठरा इंच लांब करायला गेलात तर इंचाला नव्वदसुद्धा बिंदू येत नाहीत, चांगल्या प्रिंटला तीनशे धरतात. तेव्हा घरच्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, सगळे बिंदू जसेच्या तसे जातील. एक मात्र लक्षात ठेवा. डॉक्युमेंटमधून जागेची नोंदही जाते. मोबाईलचं लोकेशन चालू असेल तर फोटोच्या पोटात अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात. पठारावर एखादं दुर्मीळ ऑर्किड सापडलं तर पाठवण्याआधी ती नोंद काढा. उपटून नेणारे लोकही मोबाईल वापरतात.

आणि एकमेकांना फोटो दाखवतो तेव्हा 'अप्रतिम', 'क्या बात है' हे पुरे करूया. मला कुणी अप्रतिम म्हटलं की बरं वाटतं, खोटं कशाला बोलू, पण पुढचा फोटो तसाच येतो. त्यापेक्षा विचारा, "तुमची नजर आधी कुठं गेली?" मी धबधबा दाखवतोय आणि समोरचा म्हणतो, "ती कोपऱ्यातली लाल पिशवी." झालं, पुढच्या वेळी ठोसेघरला मी आधी कोपरे बघणार. फोटो ज्याचा आहे त्याला तर आवर्जून दाखवा. आपल्या बैठकीत वर्षभर मी फोटो दाखवतोय. गोंदणासारखी चूक इथं कुणी काढली नव्हती, कारण इथं कुणी मावशींना पाहिलंच नव्हतं.

मावशींचा फोटो मी परत काढला. तोवर पाऊस सरला होता, तसा उजेड मिळाला नाही, धूरही सरळ वर चाललेला. सावल्या जरा उजळ केल्या, बाकी काही नाही. प्रिंट घेऊन गेलो. त्यांनी आधी अंगठ्यानं कपाळ चाचपलं, फोटोतलं. मग हनुवटी. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात म्हणाल्या, "आदी सांगितलं असतंस तर चांगलं लुगडं नेसून आले असते की रं."

तर तिसऱ्यांदा जायचं आहे. चला, पेनड्राइव्ह कुणी कुणी आणलेत? दारापाशी बसलेले, तेवढी मधली ट्यूब बंद करा.