डोळ्यांवरची पट्टी, घरच्या घरी शिवलेली

डोळे मिटले की झाला अंधार, असं आपण धरून चालतो. पण जरा बल्बकडे तोंड करून डोळे मिटून बघा, लालसर दिसतंय ना? पापणीतून गाळून आलेला उजेड आहे तो. आणि डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की दिवस आहे का रात्र एवढंच मेंदूला कळवत राहणं हे त्यांचं मुख्य काम, २००२ साली त्या नीट ओळखल्या गेल्या. त्यांना उजेड लागला की मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं हार्मोन, कमी पडायला लागतं आणि मग झोप रेंगाळते. दिवसा झोपणाऱ्या नाईट शिफ्टवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

तर स्लीप मास्क. कापडाचे तीन थर आणि एक इलॅस्टिक, सामान एवढंच. चेहऱ्याला लागणारी बाजू मऊ सुती घ्या, घाम टिपते, सॅटिन दिसायला भारी पण घसरतं आणि शिवतानाही हाताला दमवतं. मधे फलालीन किंवा जुन्या टॉवेलचा तुकडा, बाहेरून गडद कापड. आधी तिन्ही थर एकत्र धरून बल्बसमोर न्या. उजेड दिसला तर मधे अजून एक काळा थर घाला, नंतर उसवत बसण्यापेक्षा हे बरं. सुती कापड आधी धुऊन घ्यायचं, नाहीतर पहिल्या धुण्यातच आटतं.

आता कागदाचा नमुना. रुंदी साधारण २० ते २२ सेंटीमीटर, उंची ९ ते १०, आणि खाली मधोमध नाकासाठी खाच. सगळी गंमत या खाचेत आहे, कारण मास्कमधून उजेड येतो तो कापडातून फारसा नाही, नाकाच्या दोन्ही बाजूंच्या फटीतून येतो! खाच खोल झाली की फट राहते, उथळ झाली की मास्क वर उचलला जातो. म्हणून कागद आधी चेहऱ्याला लावून बघा आणि थोडा थोडा कापत जा, घाई नको.

इलॅस्टिक एका कानशिलापासून डोक्यामागून दुसऱ्या कानशिलापर्यंत मोजायचं आणि त्यातून ३-४ सेंटीमीटर कमी करायचं. त्याहून घट्ट केलं तर डोळ्यांवर दाब येतो, ते मुळीच नको. केस अडकत असतील तर इलॅस्टिकला कापडाची नळी चढवा, नळी दीडपट लांब ठेवायची म्हणजे ताणायला जागा राहते.

शिवताना दोन्ही कापडांच्या सुलट बाजू एकमेकींवर, त्यावर मधला थर, आणि इलॅस्टिक आत गुंडाळून फक्त टोकं कडेला येऊ द्यायची. कडेपासून १ सेंटीमीटर आत टीप मारा, मशीन नसेल तर हाताने बारीक उलटी टीप पण चालते, इलॅस्टिकच्या टोकांवर मात्र दोन-तीनदा. वरच्या सरळ कडेला ६ सेंटीमीटर जागा उघडी सोडा, तिथूनच उलटवायचंय.

उलटवण्याआधी खाचेपाशी या. तिथल्या गोलाईत शिवणीच्या बाहेरच्या कापडाला छोटे छोटे कट द्यायचे, कात्रीचं टोक टीपेच्या अगदी एक दोरा अलीकडे थांबलं पाहिजे. कट दिले नाहीत तर नाकापाशी कापड गोळा होतं आणि रात्रभर टोचतं, टीप कापली गेली तर तिथेच भोक. बाहेरच्या गोल कडांना उलट, तिकडे त्रिकोणी तुकडे काढून टाकायचे म्हणजे कड जाड होत नाही.

मग उलटवा, पेन्सिलच्या बोथट टोकाने कडा बाहेर काढा, इलॅस्टिक सांभाळून इस्त्री फिरवा, आणि उघडी बाजू आत दुमडून पूर्ण कडेने एक टीप मारा, थर सरकायचे थांबतात.

धुताना गार पाण्यात हाताने, पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं. गरम पाण्याने इलॅस्टिक लवकर सैल पडतं, आणि पडलंच तर कडेची थोडी शिवण उसवून नवीन घालता येतं, मास्क तोच.