एककाचं घर

(पुण्यात शिक्षक-पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, बाहेर फलकावर 'दशांश अपूर्णांकातली स्थानिक किंमत' असं लिहिलंय. तिकडे येतोच, पण आधी मंडईत जाऊ.

गेल्या थंडीत नातवाला घेऊन महात्मा फुले मंडईत गेलो होतो. तो सहावीत आहे. मटार घेतले, काट्यावर आकडा उमटला १.०५०. नातू लगेच म्हणाला, "आजोबा, दीड किलो." भाजीवाल्या मावशींनी वरही न बघता सांगितलं, "दीड कुठलं रे बाळा? किलोवर पन्नास ग्रॅम आहेत. काढू का?" आणि त्यांनी मूठभर शेंगा उचलल्या. १.०००. मी म्हटलं, "मावशी, आता खरंच दीड करून दाखवा." त्या शेंगा ओतत गेल्या, पोराचे डोळे आकड्यावर. १.१००, १.२००... १.५०० यायला ताटात केवढा ढीग झाला! तो हळूच म्हणाला, "पाच तोच आहे. फक्त एक घर सरकलाय." त्या दिवशी आम्ही दीड किलो मटार घरी आणले आणि संध्याकाळभर सोलत बसलो.

पण मुळात तो का चुकला? घरी आल्यावर वही उघडली. लाल चौकटीत लिहिलेलं होतं, 'दशांश चिन्हानंतरच्या शून्याला किंमत नसते.' एका शिकवणीत लिहून दिलेलं वाक्य. कुठली शिकवणी ते विचारू नका. नियम शेवटी येणाऱ्या शून्यांचा आहे. ०.५ आणि ०.५० सारखेच. 'शेवटच्या' हा एक शब्द गळला आणि मुलाने मधलं शून्यही पुसून टाकलं. मला याचा राग येतो, आजही येतो. मधलं शून्य पुसलं तर २०५ चे २५ होतात. तेव्हा कोणी गप्प बसतं का? मग चिन्हाच्या उजवीकडेच का चालवून घ्यायचं?

ते रिकामं घर राखणारं शून्य फुकट मिळालेलं नाही. तुमच्यातले निम्मे लोक पावसाळ्यात जुन्नरच्या पुढे नाणेघाटात जाऊन आले असतील. धबधबे पाहिलेत, पण गुहेच्या भिंतीवरचा सातवाहनांचा लेख पाहिलात? सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञात दिलेल्या दानाचे आकडे आहेत त्यात. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. चार हजार लिहायचे तर हजाराच्या चिन्हालाच चाराचं चिन्ह जोडायचं. घरं नाहीत, म्हणून शून्यही नाही. पुढे इसवी सन ४९९ मध्ये आर्यभट म्हणतो, 'स्थानात् स्थानं दशगुणं स्यात्', म्हणजे प्रत्येक घर आधीच्या घराच्या दहापट. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातल्या ८७६ सालच्या लेखात २७० मधलं शून्य तर आपण आज काढतो तसं गोल आहे. जुन्या मराठीत शून्याला पूज्य म्हणत, हे मला फार आवडतं...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. ठीक आहे, आता मुद्द्याचं भराभर सांगतो.

मुलं विचारतात, दशक-दशांश, शतक-शतांश, मग एककाचा 'एकांश' कुठे? प्रश्न अगदी बरोबर आहे. आपण दशांश चिन्हाला आरसा समजतो. आरसा ते नाही, एकक आहे. एककाच्या डावीकडे पहिलं घर दशक, उजवीकडे पहिलं दशांश. दुसरं शतक, दुसरं शतांश. चिन्ह फक्त बोट दाखवतं की एकक हा इथे बसलाय. नियम एकच, डावीकडे दहापट, उजवीकडे दहावा भाग.

दुसरं, वाचन. १.२५ ला 'एक पूर्णांक पंचवीस' म्हणू नका, 'एक पूर्णांक दोन पाच' म्हणा. पंचवीस म्हटलं की मूल १.२५ ला १.७ पेक्षा मोठं ठरवतं, कारण सातापेक्षा पंचवीस मोठे. मीटरची पट्टी हातात द्या. १.७ म्हणजे १७० सेंटिमीटर, १.२५ म्हणजे १२५.

तिसरं, उदाहरणं जपून घ्या. रुपये-पैसे चालतील, पण पाच रुपये पाच पैसे म्हणजे ५.०५, हे लिहून घ्या. क्रिकेटची षटकं मात्र या तासाला नकोत. ४.३ षटकं म्हणजे साडेचार षटकं. तिथे सहा चेंडूंचं घर आहे, दहाचं नाही.

मीटरच्या पट्ट्या मागच्या टेबलावर ठेवल्यात. जाताना एकेक घेऊन जा.