एका खांबावर चार केबली

रत्नागिरीतली ही गल्ली. विजेच्या या खांबावर जरा वर बघा. काळ्या केबलींची वेटोळी. चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या इंटरनेटच्या केबली, आणि चारही त्याच पंचवीस-तीस घरांकडे गेलेल्या.

आता खाली बघा. या रस्त्याखाली नळाची लाइन आहे. शीळ धरणाचं पाणी तिच्यातून येतं. लाइन एकच, आणि ती नगरपरिषदेची. चौघांनी चार पाइप टाकावेत, असं कधी कुणाच्या मनातही आलं नाही.

शहरात निदान चार केबली आहेत. पाखाडी उतरून खालच्या वाडीत गेलं, तर एकही नाही. मोजकी घरं, मध्ये पऱ्ह्या, शिवाय जांभा फोडायचा खर्च. खासगी कंपनीला तिथे परवडत नाही, आणि तिच्या जागी दुसऱ्या कुणालाही परवडलं नसतं. पण 2020 च्या लॉकडाऊनमध्ये रेंजसाठी पोरं सड्यावर जाऊन बसत होती, ती यामुळेच.

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर, म्हणजे वेगवान नेटची केबल, नेणारी सरकारी योजना 2011 मध्ये मंजूर झाली. तीच आजची भारतनेट. पण कार्यालयात पेटी बसली म्हणजे काम झालं असं नाही. जेसीबीने केबल तोडली, तर भर पावसात जोड मारायला कोण येणार? केबल सरकारी असली म्हणून माणूस आपोआप येत नाही.

स्टॉकहोम महापालिकेने 1994 मध्ये स्टोकॅब ही स्वतःची कंपनी काढली. ती शहरभर फायबर टाकते आणि मागेल त्या कंपनीला भाड्याने देते. घरोघरी नेट विकायचं काम त्या कंपन्यांचं. म्हणजे वाट शहराची, गाड्या कुणाच्याही. मला हे पटतं.

अमेरिकेतल्या चॅटनुगामध्ये हे काम शहराच्या वीज संस्थेनेच केलं. 2010 पासून ती आपल्या सगळ्या ग्राहकांना एक गिगाबिटचं नेट देऊ लागली. तिच्याकडे खांब होते, आणि वादळानंतर खांबावर चढणारी माणसंही.

तशी माणसं आपल्याकडेही आहेत. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. दापोली-मंडणगडात खांब आडवे झाले, मोबाइलचे टॉवर बंद पडले. त्यानंतर कितीतरी दिवस चिखलात खांब उभे करणारे वायरमन इथल्या लोकांनी पाहिलेत.

रस्ते तर दरवर्षी खणले जातातच. पुढच्या वेळी नळासाठी चर खणला, की त्यातच फायबरसाठी एक रिकामा पाइप टाकावा. नगरपरिषदेच्या नावावर.