पोल्टाव्हाच्या बाईंची देणगी

श्रोतेहो, नमस्कार.

माझी एक पुतणी युक्रेनमधल्या टर्नोपिलला डॉक्टरकी शिकत होती. २०२२च्या फेब्रुवारीत युद्ध पेटलं आणि हजारो भारतीय मुलामुलींसारखी तीही पोलंडची हद्द ओलांडून घरी आली. सामान सगळं हॉस्टेलवरच राहिलं. पाठीवरच्या सॅकमधून एक वही तेवढी आली. साधी शंभर पानी. डावीकडे युक्रेनी शब्द, उजवीकडे देवनागरीत उच्चार आणि मराठी अर्थ. कुठे दुखतंय, मोठा श्वास घ्या, ताप कधीपासून आहे. शिकवणं इंग्रजीतून असलं, तरी वॉर्डातल्या आजीबाई इंग्रजी थोड्याच बोलणार? त्यांच्यासाठी ही वही. पहिल्या पानावर एका अक्षराभोवती तिने लाल शाईने गोल केला होता. उभी रेघ आणि डोक्यावर दोन टिंबं, उच्चार साधारण 'यी'. मी विचारलं, हे काय गं? म्हणाली, "काका, हे अक्षर रशियनमध्ये नाही. आमच्या भाषेच्या बाई ते शिकवताना दोनदा लिहायला लावायच्या."

युक्रेनची भाषा, इतिहास आणि साहित्य यांच्या अभ्यासाला पैसा कुठून आला, आणि आज तो कुणाला मिळू शकतो, याबद्दल मला आज बोलायचं आहे. शिष्यवृत्त्यांचा विषय म्हटला की अर्जाचे नमुने आणि शेवटच्या तारखा डोळ्यांपुढे येतात. पण इथे त्यामागे दीडशे वर्षांची धडपड आहे.

१८६३ आणि १८७६ साली रशियाच्या झारशाहीने दोन हुकूम काढले. पहिल्याने युक्रेनीतली शाळेची आणि धर्माची पुस्तकं थांबवली. दुसऱ्याने छपाई जवळजवळ बंदच केली आणि बाहेरून पुस्तकं आणायलाही मनाई केली. ल्विव शहर मात्र तेव्हा ऑस्ट्रियाच्या राज्यात होतं आणि तिथे युक्रेनी छापता येत होतं. म्हणून पहिल्या हुकुमानंतर दहा वर्षांनी, १८७३ साली, युक्रेनी कवी तारास शेव्चेन्को यांच्या नावाने ल्विवमध्ये एक संस्था निघाली. तिला पैसा दिला तो सीमेच्या पलीकडून, झारच्या मुलखातल्या पोल्टाव्हाहून, येलिझावेता मिलोरादोविच या बाईंनी. त्या पैशातून छापखाना घेतला गेला. आपल्या गावात जे छापता येत नाही, ते परमुलखात छापलं जावं म्हणून या बाईंनी पदरचे पैसे मोडले. युक्रेनच्या अभ्यासासाठी पुढे ज्या ज्या देणग्या आल्या, त्या मला याच देणगीच्या लेकी वाटतात.

ही संस्था पुढे मोठी विद्यासंस्था झाली. इतिहासकार मिखाइलो ह्रुशेव्स्की १८९४ साली ल्विवच्या विद्यापीठात आले, काही वर्षांत संस्थेचे अध्यक्ष झाले, आणि युक्रेनचा दहा खंडांचा इतिहास लिहायला त्यांनी तिथेच घेतला. १९४० साली सोव्हिएत सत्तेने संस्था मोडीत काढली. महायुद्धानंतर निर्वासित अभ्यासकांनी १९४७ साली ती जर्मनीत पुन्हा उभी केली आणि मग तिच्या शाखा अमेरिकेत, कॅनडात गेल्या.

निर्वासितांच्या छावण्यांतून अमेरिकेला पोचलेली माणसं काही श्रीमंत नव्हती. त्यांच्या मुलांच्या विद्यार्थी संघटनेने १९५७ साली ठरवलं, की अमेरिकेतल्या एखाद्या नामांकित विद्यापीठात युक्रेनसाठी कायमचं अध्यासन, म्हणजे प्राध्यापकाची खुर्ची, काढायची. त्या काळी तिकडच्या विद्यापीठांत स्लाव्ह भाषांचा विभाग म्हणजे मुख्यतः रशियन. युक्रेनला तिथे खोलीचा एक कोपरा मिळाला तर मिळाला. मुलांनी निधी उभारला आणि चर्चच्या मंडळींकडून, कामगारांकडून वर्षानुवर्षं वर्गणी जमवली. १९६८ साली हार्वर्डमध्ये युक्रेनच्या इतिहासाचं अध्यासन झालं. १९७३पर्यंत साहित्य आणि भाषाशास्त्र धरून तीन अध्यासनं झाली आणि त्याच वर्षी संशोधन संस्थाही निघाली. ओमेल्यान प्रित्साक तिचे पहिले संचालक.

अध्यासनाचं मर्म असं, की मूळ ठेवीला हात लागत नाही, तिच्या उत्पन्नावर प्राध्यापक नेमला जातो. सरकारं बदलली, वाऱ्याची दिशा बदलली, तरी ती खुर्ची राहते. एका वर्षाच्या अनुदानाला हे बळ नसतं. १९३२-३३च्या दुष्काळात युक्रेनमध्ये लाखो शेतकरी भुकेने मेले, आणि सोव्हिएत सरकार तो दुष्काळच नाकारत होतं. १९८०च्या दशकात त्यावर इंग्रजीत पहिलं मोठं संशोधन झालं, रॉबर्ट कॉन्क्वेस्ट यांचं. ते हार्वर्डच्या याच संस्थेच्या पाठबळाने आणि परदेशस्थ युक्रेनी लोकांच्या पैशावर. वर्गणी देणाऱ्यांतल्या काहींच्या घरची माणसं त्या दुष्काळात गेलेली असणार.

इथे थोडं आडवळण घेतो. हार्वर्डचं भाषाशास्त्राचं अध्यासन ओलेक्सांद्र पोतेब्न्या यांच्या नावाने आहे. युक्रेनमधल्या खार्किवचे हे पंडित १८६२ साली बर्लिनला जाऊन संस्कृत शिकले होते. त्याच खार्किवात पुढे पाव्लो रित्तेर यांनी कालिदासाचं मेघदूत युक्रेनीत आणलं. स्टालिनच्या काळात त्यांना अटक झाली आणि १९३९ साली त्यांचा अंत झाला. कवयित्री लेस्या उक्राइन्का यांनी तर ऐन तारुण्यात ऋग्वेदातल्या सूक्तांची भाषांतरं केली. त्या बाजूने आपल्याकडे इतकं पाहिलं गेलं. आपल्याकडून मुलं तिकडे गेली ती बहुतेक एम.बी.बी.एस.साठीच. ती भाषा अभ्यासायला किती गेली?

कॅनडात एडमंटनच्या अल्बर्टा विद्यापीठात १९७६पासून युक्रेनच्या अभ्यासाची मोठी संस्था आहे. टोरांटोत बांधकाम व्यवसायात पैसा मिळवलेल्या पेत्रो यात्सिक यांनी या संस्थेत इतिहास संशोधनाचं केंद्र काढायला देणगी दिली. ह्रुशेव्स्कींचा इतिहास इंग्रजीत आणायचं काम या केंद्राने घेतलं. पहिला खंड १९९७ साली आला, शेवटचा २०२१ साली. चोवीस वर्षं! देणगी देणारे यात्सिक २००१ सालीच गेले. असं काम ठेवीवरच तडीला जातं.

आणि मग २०२२. युरोपीय संघाने युक्रेनी संशोधकांसाठी अडीच कोटी युरोंची खास फेलोशिप योजना काढली. ब्रिटन, जर्मनी, पोलंड, सगळीकडे दारं उघडली. मदत मोलाची होतीच. पण अठरा ते साठ वयाच्या पुरुषांना देश सोडायला मनाई होती. आईवडील म्हातारे, विद्यार्थी मागे, दप्तरखाना मागे, अशी माणसं कुठे जाणार? शिवाय सगळेच गेले तर खार्किवच्या वर्गात शिकवायचं कुणी? म्हणून व्हिएन्नाच्या मानव्यविद्या संस्थेने आणि अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाने घरी राहूनच काम करण्यासाठी पैसे दिले. माणूस आपल्या शहरात राहतो, वीज असेल तेव्हा लिहितो आणि परदेशातल्या ग्रंथालयाची पुस्तकं संगणकावर वाचतो. माझ्या मते सगळ्या मदतीत हीच सर्वांत शहाणी. अभ्यासक उचलून नेता येतो, त्याचा विषय नेता येत नाही.

त्याच वसंतात जगभरच्या ग्रंथपालांनी आणि संगणकवाल्यांनी एकत्र येऊन युक्रेनच्या संग्रहालयांची, दप्तरखान्यांची संकेतस्थळं उतरवून घ्यायला सुरुवात केली. खार्किवच्या सरकारी दप्तरखान्याचं संकेतस्थळ शंभर जीबीहून मोठं. ते उतरवून झालं आणि थोड्याच वेळात मूळ जागी ते दिसेनासं झालं. या लोकांना कुणी पगार देत नव्हतं.

श्रोत्यांमध्ये इतिहासाचे, भाषांचे विद्यार्थी असतील, त्यांच्यासाठी थोडं कामाचं. हार्वर्डमध्ये १९७१पासून युक्रेनी भाषेचे आणि इतिहासाचे उन्हाळी वर्ग भरतात. एडमंटनची संस्था संशोधनासाठी अनुदानं देते आणि तिच्याच छत्राखाली १९३२-३३च्या दुष्काळाचा अभ्यास करणारं वेगळं केंद्र आहे. अमेरिकेतली शेव्चेन्को संस्थाही अभ्यासकांना मदत करते. ल्विवच्या कॅथलिक विद्यापीठात भाषा शिकता येते. अटी आणि तारखा दरवर्षी बदलतात, त्या त्या संस्थेकडूनच खात्री करून घ्या. अर्जात 'मला युक्रेनबद्दल आस्था आहे' एवढं लिहून भागत नाही. कोणत्या शहरातला दप्तरखाना, कोणती कागदपत्रं, ती कोणत्या भाषेत आहेत आणि ती भाषा तुम्हाला कितपत वाचता येते, हे लिहा. सोव्हिएत गुप्त पोलिसांची कागदपत्रं युक्रेनने २०१५च्या कायद्याने खुली केली आहेत. भारताशी आलेले संबंध, इथले पाहुणे, तिथले संस्कृतचे पंडित, यांच्याबद्दल त्यात काय असेल, हे कुणीतरी मराठी माणसाने जाऊन पाहायला हवं. त्यासाठी आधी भाषा हवी. रशियन येत असेल तर सोपं जाईल, पण युक्रेनी म्हणूनच शिका.

पुतणी आता इथल्याच एका इस्पितळात आहे. गेल्या महिन्यात तिने ती वही मागून नेली. रात्रपाळी संपली की ती संगणकावर युक्रेनीचा धडा घेते. परवा फोनवर म्हणाली, "काका, दुखण्याचे शब्द येतात मला सगळे. आता बाकीचे शिकतेय."

नमस्कार.