बारा लाखांची सवलत, ऊसबिल आणि विवरणपत्र

(कोल्हापुरात करदाते व करसल्लागारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

२०२५ च्या अर्थसंकल्पात बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर लागणार नाही अशी घोषणा झाली आणि तेव्हापासून एक समजूत आपल्याकडे झपाट्याने रुजली, ती म्हणजे बारा लाखांच्या आत उत्पन्न असेल तर रिटर्न, म्हणजे आयकर विवरणपत्र, भरण्याचे कारणच उरत नाही. ही समजूत चुकीची आहे. नव्या करप्रणालीत आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी करमुक्त मर्यादा चार लाखांचीच आहे. तिच्यापुढे बारा लाखांपर्यंत कर आकारला जातो आणि मग कलम ८७ए खाली जास्तीत जास्त साठ हजार रुपयांची सूट देऊन तो पुसला जातो. त्यामुळे एकूण उत्पन्न चार लाखांच्या वर गेले, की देय कर शून्य असला तरी विवरणपत्र भरावेच लागते. शेअर विक्रीच्या ज्या नफ्यावर विशेष दराने कर लागतो, त्या कराला ही सूट मिळत नाही, एवढे जाता जाता नोंदवून ठेवतो.

आता आपल्या जिल्ह्याच्या खास प्रश्नाकडे वळू, कारण इथे नोकरी आणि ऊस एकाच घरात नांदतात. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे हे खरे. परंतु ते पाच हजारांच्या वर असेल आणि इतर उत्पन्न चार लाखांच्या वर असेल, तर कराचा दर ठरवण्यासाठी ते हिशेबात धरले जाते. समजा, एका प्राध्यापकांचा पगार पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट जाऊन दहा लाख आहे आणि खर्च वजा जाता उसाचे सहा लाख मिळाले आहेत. सोळा लाखांवरचा कर १,२०,००० रुपये होतो. त्यातून शेतीचे सहा आणि करमुक्त मर्यादेचे चार अशा दहा लाखांवरचा ४०,००० रुपये कर वजा केला, की ८०,००० उरतात. सूट ६०,००० चीच असल्याने २०,००० रुपये आणि त्यावर चार टक्के उपकर मिळून २०,८०० रुपये भरावे लागतात. ‘माझे उत्पन्न तर बारा लाखांच्या आत आहे’ असे म्हणणाऱ्या या गृहस्थांना हा आकडा पाहून धक्का बसतो, आणि बसणे स्वाभाविकही आहे. शिवाय शेतीचे उत्पन्न पाच हजारांवर गेल्यास आयटीआर-१ हा सोपा नमुना चालत नाही. आपल्याकडे तो सर्रास भरला जातो.

दूधबिलाचे आणखी वेगळे आहे. गोठा उसाच्या बांधालाच असला, तरी दुग्धव्यवसायाचे उत्पन्न कायद्याच्या दृष्टीने शेतीचे नव्हे, व्यवसायाचे असते. दोन्ही बिले एकाच पासबुकात जमा होतात म्हणून ती ‘शेती’ या एकाच सदरात टाकणे चुकीचे आहे.

ठेवींच्या व्याजावर कापला जाणारा टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच बँकेने कापून घेतलेला कर, हा मात्र करदात्याच्या हक्काचा पैसा आहे. साठ वर्षांवरील ठेवीदाराला एखाद्या बँकेकडून वर्षाला एक लाखापेक्षा जास्त व्याज मिळाले, की बँक दहा टक्के कापते. सत्तरीतल्या एका आजींना केवळ व्याजाचेच साडेपाच लाख मिळत असतील, तर त्यांचा ७,५०० रुपयांचा कर कलम ८७ए च्या सुटीत पूर्ण जातो. पण कापलेले ५५,००० रुपये विवरणपत्र भरल्याशिवाय परत येत नाहीत. त्यांनी वर्षारंभीच बँकेत १५एच हा ‘माझा कर शून्य आहे’ असे सांगणारा अर्ज दिला असता, तर ही कपातच टळली असती.

सल्लागार मित्रांना माझे सांगणे असे, की फॉर्म १६, म्हणजे नोकरीच्या ठिकाणाहून मिळणारा पगार व करकपातीचा दाखला, हातात आला म्हणून लगेच संगणकाकडे वळू नका. आधी सर्व बँकांची पासबुके आणि साखर कारखान्याची बिले मागवा आणि ती कापलेल्या कराची नोंद दाखवणाऱ्या फॉर्म २६एएस व वार्षिक माहिती विवरणाशी, म्हणजेच एआयएसशी, ताडून पाहा. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून अमलात आला असला, तरी २०२५-२६ च्या उत्पन्नाला १९६१ चाच कायदा लागू आहे, तेव्हा कलमे त्यातलीच पाहावीत. भरलेल्या विवरणपत्राची तीस दिवसांत पडताळणी करणेही तितकेच आवश्यक आहे.

मुदत हुकल्यास ३१ डिसेंबरपर्यंत विलंबित विवरणपत्र भरून परतावा मागता येतो. त्यानंतर उरणाऱ्या अद्ययावत विवरणपत्राच्या मार्गाने जादा कर भरता येतो, परतावा मात्र मागता येत नाही. म्हणून ज्यांचा टीडीएस अडकला आहे, त्यांची कागदपत्रे सर्वांत आधी हातावेगळी करावीत.