पतियाळ्याचा तोशखाना : रत्ने कुठून आली, कशी घडली, कशी मोडली

मंडळी, शीख संस्थानिकांच्या वैभवाचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो तो पतियाळ्याच्या हाराच्या किमतीचा. त्या हारावर मी सविस्तर बोलणारच आहे. पण त्याआधी दोन गोष्टी पाहू : एवढा पैसा साठला कसा, आणि तो रत्नांकडेच का वळला?

पतियाळा, नाभा आणि जिंद ही फुलकियाँ घराण्याची तीन संस्थाने. कपूरथळा अहलुवालियांचे, फरीदकोट ब्रारांचे, आणि कलसिया लहानसे. लाहोरचे रणजितसिंगांचे राज्य 1849 मध्ये बुडाले. सतलजच्या अलीकडचे हे फुलकियाँ राजे मात्र 1809 मध्येच, रणजितसिंगांच्या भीतीने, इंग्रजांच्या छत्राखाली गेले होते. 1857 मध्ये त्यांनी फौज आणि रसद पुरवली. त्याची परतफेड म्हणून 1860 मध्ये सनदा मिळाल्या आणि त्यांत दत्तक घेण्याचा हक्क कायम झाला. दत्तक नामंजूर करून 1848 मध्ये साताऱ्याची गादी कशी खालसा केली, हे आपल्याला ठाऊक आहे. ते आठवले की या सनदांचे मोल लगेच कळते. गादी जाण्याची सर्वांत मोठी धास्ती मिटली होती.

लढाया संपल्या. शेजाऱ्याशी युद्ध करायला परवानगीच नव्हती. 1889 पासून साम्राज्यासाठी वेगळे सैन्य ठेवावे लागे, पण एरवी खजिना रिकामा करणारा युद्धाचा खर्च उरला नाही. दुसरीकडे उत्पन्न वाढले. 1882 मध्ये सरहिंद कालवा सुरू झाला. त्याच्या खर्चात पतियाळा, नाभा आणि जिंद यांचा वाटा होता, आणि पाण्यातही. कोरडवाहू जमीन भिजू लागली की सारा वाढतो. कपूरथळ्याची गोष्ट आणखी निराळी. 1857 नंतर त्या राजांना अवधमध्ये, बहराइच आणि बाराबंकी भागात, मोठ्या जमिनी मिळाल्या. तिथे ते राजे नव्हते, तालुकदार होते. राज्यकारभाराची जबाबदारी नाही, आणि वसूल मात्र येत राहतो. कपूरथळ्याचा राजवाडा पाहताना हा अवधचा पैसा विसरू नये.

आता दुसरा प्रश्न : हा पैसा रत्नांकडेच का वळला? नाभ्याचे महाराजा रिपुदमनसिंग यांना 9 जुलै 1923 रोजी गादी सोडावी लागली. सरकारी कागदांत कारण होते पतियाळ्याशी झालेल्या भांडणाच्या चौकशीचे. गुरुद्वारांच्या सुधारणेसाठी उभ्या राहिलेल्या शिखांच्या अकाली चळवळीबद्दल त्यांना असलेली सहानुभूती हे खरे कारण, असे पंजाबात लोकांनी ठामपणे मानले. त्यातूनच नाभा संस्थानातल्या जैतो गावचा मोर्चा उभा राहिला आणि त्याच वर्षी नाभा संस्थानाच्या हद्दीत जवाहरलाल नेहरूंना अटक झाली. रिपुदमनसिंग पुढे कोडाईकनालला स्थानबद्ध राहिले आणि 1942 मध्ये वारले. शेजारच्या राजांनी यातून काय धडा घेतला असेल, हे वेगळे सांगायला नको. राजकारण धोक्याचे होते. पॅरिसला जाऊन पाचू बसवून घेण्यात धोका नव्हता.

पतियाळ्याचे भूपिंदरसिंग यांचा जन्म 1891 चा. 1900 मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, ते गादीवर आले आणि 1938 मध्ये वारले. त्यांना 17 तोफांची सलामी होती. 1925 मध्ये त्यांनी कार्तिये या पॅरिसच्या पेढीला हाराचे काम दिले आणि 1928 मध्ये हार तयार झाला. त्यात 2,930 हिरे, ब्रह्मदेशी माणके आणि प्लॅटिनमच्या पाच लडी होत्या. मध्यभागी पिवळसर छटेचा डी बिअर्स हिरा होता. हा हिरा भूपिंदरसिंगांनी घेतलेला नव्हे. तो त्यांचे वडील राजिंदरसिंग यांनी विकत घेतला होता. म्हणजे हाराचे हृदय आधीपासून तोशखान्यात, म्हणजे राजाच्या रत्नभांडारातच, होते.

या हिऱ्याचे वजन वाचताना गोंधळ होतो. कुठे 228.5 कॅरट लिहिलेले सापडते, कुठे 234.65. दोन्ही बरोबर आहेत. जुना इंग्रजी कॅरट सुमारे 205 मिलिग्रॅमचा होता, मेट्रिक कॅरट 200 मिलिग्रॅमचा. दक्षिण आफ्रिकेत 1888 मध्ये निघालेला कच्चा खडा जुन्या मापाने 428.5 कॅरटचा होता. पैलू पाडताना त्याचे जवळजवळ निम्मे वजन गेले. भारतीय तोशखान्यांत याशिवाय रत्ती आणि तोळे चालत, आणि रत्ती प्रांतागणिक बदले. म्हणून जुन्या रत्नाची नोंद तपासताना आधी एकक पाहावे, मगच ‘खडा बदलला’ असा संशय घ्यावा.

पण कच्चा माल पॅरिसला गेला तेव्हा नेमके काय घडले? ही गोष्ट मला हाराच्या किमतीपेक्षा मोलाची वाटते. आपल्याकडचे जुने काम कुंदनाचे. सोन्याच्या पोकळ घरात लाख भरायची, खड्याखाली डाक, म्हणजे चकाकणारा पातळ पत्रा, ठेवायचा आणि कडेने शुद्ध सोन्याची पातळ पट्टी थंड अवस्थेतच दाबत बसवायची. शुद्ध सोने इतके मऊ असते की दाबले की एकजीव होते, भट्टी लागत नाही. हिरा सपाट पैलूंचा, कारण कारागिराचा कल वजन वाचवण्याकडे. पाठ बंद असल्याने प्रकाश फक्त समोरून येतो, आणि चमक बरीचशी डाकाची असते. आत ओल शिरली की डाक काळवंडतो आणि चांगला हिराही मेलेला दिसतो.

पॅरिसची पद्धत याच्या अगदी उलट. तिथे खडा उघडा ठेवून पंज्यांत धरतात आणि पाठीमागूनही प्रकाश येऊ देतात. हे प्लॅटिनममुळे शक्य झाले. तो सोन्यापेक्षा जड, पण इतका चिवट की बारीक तारही खडा धरून ठेवते. तो काळा पडत नाही आणि पांढऱ्या हिऱ्याला पिवळी झाक देत नाही. वितळायला 1,768 अंश सेल्सिअस लागतात, म्हणून साध्या सोनाराच्या फुंकणीचे ते काम नव्हे.

जुना दागिना असा नव्याने घडवताना कुंदनाची पट्टी उचकटतात, लाख काढतात, खडा धुऊन पुन्हा तोलतात. इथेच नुकसान सुरू होते. सपाट हिरा उघड्या पाठीने बसवला तर काचेसारखा दिसतो. त्याला चमक हवी तर नव्याने पैलू पाडावे लागतात, आणि वजन घटते. पाचूच्या पोटात जन्मतःच भेगा असतात, पंज्याच्या दाबाने तो तडकू शकतो. जुने पाचू आणि लाल (माणकासारखे तांबडे खडे) पुष्कळदा मण्यांसारखे भोक पाडलेले असत. ते भोक बुजवता येत नाही, म्हणून असे खडे लोलकासारखे टांगावे लागत. आणि एकदा मोडलेल्या कुंदनाची मागची मिनाकारी कायमची जाते. त्या मिनाकारांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत, याचे मला फार वाईट वाटते.

1928 मध्येच भूपिंदरसिंगांनी बूशरों या दुसऱ्या पेढीकडे पेट्या भरभरून रत्ने नेली. त्या कामात 7,571 हिरे आणि 1,432 पाचू होते आणि 149 दागिने घडले. हे आकडे पेढीच्या हिशेबातले आहेत. एका संस्थानाच्या तोशखान्यात पिढ्यान्‌पिढ्या काय साचले होते, ते त्यावरून कळते.

कपूरथळ्याचे जगतजितसिंग यांची आवड इमारतींची होती. 1908 मध्ये पूर्ण झालेला त्यांचा राजवाडा अलेक्झांद्र मार्सेल या फ्रेंच वास्तुविशारदाने व्हर्सायचा आदर्श ठेवून आखला. 1930 ची मशीद मोरोक्कोतल्या मराकेशच्या धर्तीवर बांधली गेली. रत्नेही होतीच : कार्तियेने 1926 मध्ये घडवलेल्या फेट्याच्या अलंकारात 19 पाचू होते आणि त्यांतला सर्वांत मोठा 177.40 कॅरटचा. पण इमारत विकून परदेशी नेता येत नाही. त्या राजवाड्यात 1961 पासून सैनिकी शाळा भरते, मुले शिकतात. जगतजितसिंगांच्या खर्चातला हा भाग मला सर्वांत सत्कारणी लागलेला वाटतो.

पतियाळ्याच्या खर्चाची एक बाजू आपल्याशीही जोडलेली आहे. 1911 मध्ये इंग्लंडला गेलेल्या हिंदी क्रिकेट संघाचे कर्णधार भूपिंदरसिंग होते, वय 19. ते थोडेच सामने खेळले आणि पंचम जॉर्ज यांच्या राज्याभिषेकाच्या समारंभांत रमले. त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले ते पुण्याच्या मैदानावर तयार झालेल्या, दलित समाजातल्या पाळवणकर बाळूंनी. त्यांना कर्णधारपद कधीच मिळाले नाही. 1922 मध्ये युवराज एडवर्ड यांच्या भेटीसाठी पतियाळ्याने लंडनहून सुमारे 1,400 नगांची चांदीची भोजनभांडी मागवली. आणि 1930 मध्ये संस्थानी प्रजा परिषदेच्या चौकशी समितीने, ज्यात आपले प्रा. ग. र. अभ्यंकर होते, पतियाळ्याच्या कारभारावर जाहीर आरोपपत्र ठेवले. प्रजामंडळाचे सेवासिंग ठीकरीवाला जानेवारी 1935 मध्ये पतियाळ्याच्या तुरुंगात उपोषणात वारले. भांड्यांचे वर्णन करताना हे नाव घेतलेच पाहिजे.

1948 मध्ये पतियाळा आणि पूर्व पंजाबातली संस्थाने मिळून पेप्सू हा संघ झाला. पतियाळ्याला वर्षाला 17 लाख रुपये तनखा ठरला. राजांनी आपल्या खासगी मालमत्तेची यादी द्यायची होती : स्थावर, रोखे आणि रोख शिल्लक. दागिन्यांचा त्या यादीत वेगळा उल्लेख नव्हता. त्याच सुमारास हार दिसेनासा झाला. मोठे खडे सुटे विकणे सोपे, कारण वेगळा केलेला खडा कुठल्या हारातला हे ओळखता येत नाही. डी बिअर्स हिऱ्याची गोष्ट निराळी. तो 1982 मध्ये जिनिव्हाच्या लिलावात वर आला आणि वजनावरून ओळखला गेला. 1998 मध्ये लंडनला हाराचा सांगाडा सापडला. मोठे खडे काढून घेतलेले, प्लॅटिनमची चौकट आणि लहान हिरे उरलेले. कार्तियेने तो विकत घेतला आणि चार वर्षे काम करून पुन्हा जोडला. आज प्रदर्शनात तो दिसला तर लडी आणि चौकट अस्सल समजा. मधला मोठा पिवळा खडा आणि माणकांच्या जागचे खडे मात्र मूळचे नाहीत, पर्यायी आहेत.