ऱ्हाइन नदीवरची ट्राम

नमस्कार श्रोतेहो. जगात कायमची शांतता कशानं येईल असं कुणी विचारलं ना, की मला फ्रान्सच्या कडेचं स्ट्रासबर्ग शहर आठवतं. जवळच ऱ्हाइन नदी, नदीपलीकडं जर्मनी. आता १८७० च्या आधी तिथं जन्मलेली एखादी मुलगी धरा, ती १८७१ ला जर्मन झाली, १९१८ ला फ्रेंच, १९४० ला हिटलरचं सैन्य आलं तेव्हा परत जर्मन आणि १९४४ ला परत फ्रेंच. घर तेच, गल्ली तीच, फक्त दारावरचा झेंडा बदलत राहिला!

सत्तर वर्षांत तीन युद्धं झाली हो या दोन देशांची. पहिल्या महायुद्धात, १९१६ ला, फ्रान्समधल्या एकट्या व्हर्दनच्या लढाईत दहा महिन्यांत दोन्हीकडची मिळून तीन लाखांच्या आसपास पोरं गेली. मग १९१९ ला व्हर्सायचा तह झाला, हरलेल्या जर्मनीच्या माथी सगळा दोष आणि वर भरपाई, आणि वीस वर्षांत पुन्हा युद्ध.

दुसरं महायुद्ध संपून पाच वर्षं झाली तेव्हा, ९ मे १९५० ला, फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबर्ट शूमन म्हणाले की दोघांचा कोळसा आणि पोलाद एकाच मंडळाच्या हाती देऊ. म्हणजे तोफा ज्याच्यातून होतात तोच माल सामायिक! शूमन स्वतः पहिलं महायुद्ध संपेपर्यंत कागदोपत्री जर्मन होते, त्यांना सीमेवरचं जगणं माहीत होतं. १९५१ ला सहा देशांनी सह्या केल्या. मला यात पटतं ते हे, की आधी एकमेकांना माफ करा अशी अट कुणी घातली नाही. बांधावरून डोकी फोडणाऱ्या दोन भावांनी मिळून विहीर खणावी, मोटारीचं बिल दोघांच्या नावावर, पाणी पाळीनं, मन जुळायचं तेव्हा जुळेल पण पिकाला पाणी तर आजच लागतं ना, तसं.

पण माझ्या मते पोरांचं काम कोळशापेक्षा मोठं. १९६३ ला दोन्ही देशांनी मैत्रीचा करार केला, मग पोरांनी एकमेकांच्या देशात जावं म्हणून खास संस्था काढली, लाखो पोरं पलीकडं जाऊन आली, कितीतरी जण तिथल्या घरांत राहिली, त्यांच्या ताटात जेवली. २००६ ला तर दोन्ही देशांच्या शाळांसाठी इतिहासाचं एकच पुस्तक निघालं, विचार करा, इतिहासाचं!

आणि २०१७ पासून स्ट्रासबर्गची ट्राम पूल ओलांडून जर्मनीतल्या केल गावात जाते. लोक पिशव्या घेऊन पलीकडं बाजाराला जातात आणि संध्याकाळच्या ट्रामनं घरी येतात.